आप्पा, व्हिटाफोन आणि लॅम्बचॉप्स

"आणि रीळ तुटलं तर गं?"

सगळं ऐकून घेतल्यावर आप्पांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्यांना शंभर वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कची गोष्ट सांगत होते. चित्र फिल्मवर, आवाज तबकडीवर, दोन्ही एकाच मोटरवर फिरायचे, वगैरे. मला वाटलं, म्हणतील "काय डोकं बघ लोकांचं!" पण छत्तीस वर्षं टॉकीजच्या केबिनमध्ये काढलेला माणूस आधी रीळ तुटायची काळजी करतो.

आप्पा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. आमच्या सांगलीकडच्याच एका टॉकीजमध्ये ते ऑपरेटर होते. टॉकीज पाडून तिथं आता साड्यांचं दुकान झालंय. मी बँकेतून व्हीआरएस घेतली तेव्हापासून दुपारची जेवणं झाली की आम्ही दोघं टीव्हीसमोर बसतो. मुलानं मोठा टीव्ही लावून दिलाय, त्यावर यूट्यूब लागतं. सुरुवात 'अयोध्येचा राजा'पासून झाली. मग मराठी बोलपट १९३२ चा तर त्याआधी काय, त्याच्याही आधी काय, असं मागे मागे जाताना आम्ही व्हिटाफोनच्या, म्हणजे वॉर्नर कंपनीच्या त्या तबकडीवरच्या आवाजाच्या पद्धतीनं काढलेल्या, छोट्या फिल्म्सवर येऊन पोचलो आणि गेले तीन महिने तिथंच मुक्काम आहे.

बोलपट म्हटलं की सगळे अल जॉल्सनच्या 'द जॅझ सिंगर'चं नाव घेतात, ६ ऑक्टोबर १९२७. पण वॉर्नर कंपनीनं त्याच्या चौदा महिने आधीच, ६ ऑगस्ट १९२६ ला, न्यूयॉर्कच्या वॉर्नर्स थिएटरमध्ये लोकांना पडद्यावरून गाणं ऐकवलं होतं. मुख्य सिनेमा 'डॉन वॉन'. त्यात संवाद नव्हतेच, नुसतं संगीत आणि तलवारींचा खणखणाट. खरी गंमत सिनेमाच्या आधी होती. विल हेज नावाच्या गृहस्थांनी पडद्यावरून भाषण केलं (उद्घाटनाचं भाषण चुकत नाही, कुठलाही देश असो), मग न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, मग मिशा एल्मनचं व्हायोलिन, मेरियन टॅली आणि ॲना केस यांचं गाणं, असा एकामागून एक कलाकार.

त्यात रॉय स्मेक नावाचा एक हडकुळा पोरगा आहे. हवाइयन गिटार, युकुलेली, बँजो, माउथ ऑर्गन, जे हातात येईल ते वाजवतो. बाकीची मंडळी ऑपेरातली, मोठ्या घरची. हा थेट व्होडव्हिलच्या, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या करमणुकीच्या खेळांच्या, रंगमंचावरून उचललेला. युकुलेली वाजवता वाजवता ती उलटी काय करतो, तिच्या अंगावर बोटांनी ताल काय धरतो! आप्पा म्हणाले, "हा जत्रेत पैसे मिळवून आलेला आहे." बरोबर ओळखलं. ऑपेरावाल्यांना ठाऊक असतं की लोक तिकीट काढून आलेत, बसणारच. जत्रेतल्याला माणूस पुढं सरकायच्या आत पकडायचा असतो.

आणि जोव्हानी मार्टिनेली. विदूषकाच्या वेषात, डोळ्यांत पाणी आणून, 'पाल्याची'तलं ते प्रसिद्ध गाणं गातो. रडत रडत खेळासाठी तोंड रंगवायला निघालेल्या नटाचं. त्या रात्री सगळ्यात जास्त टाळ्या त्यानं घेतल्या म्हणतात. गाणं मला कळत नाही, पण गाणं संपल्यावर तो जो वाकून नमस्कार करतो, तो मी चार वेळा पाहिला. समोर कोण होतं? कॅमेऱ्याची पेटी आणि श्वास रोखून उभी असलेली चार माणसं.

या पेटीबद्दल सांगायला हवं. ही चित्रणं मॅनहॅटन ऑपेरा हाऊसमध्ये, चौतिसाव्या रस्त्यावर झाली. माइकला कॅमेऱ्याची घरघर ऐकू जाई, म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही काच लावलेल्या बंद खोक्यात कोंबायचे. आत उकडून माणूस घामाघूम. त्यातून जवळच भुयारी रेल्वेचं खोदकाम चाललेलं. सुरुंग उडाला की गाणं वाया. आवाज थेट मेणाच्या जाड तबकडीवर कोरला जायचा, आणि त्यात मागाहून काही खोडता येत नसे की जोडता येत नसे. आठव्या मिनिटाला जीभ अडखळली तर पहिल्यापासून. कॅमेरे दोन-तीन लावून लांबचं आणि जवळचं चित्र आलटून पालटून दाखवता यायचं, पण कलाकारानं मात्र आठ-नऊ मिनिटांचा पूर्ण खेळ एका दमात करायचा. माझ्या मते या फिल्म्सची सगळी मजा यातच आहे. पुढं सिनेमा सुधारला, तुकड्या-तुकड्यांनी व्हायला लागला. इथं मात्र नट विंगेतून आल्यापासून परत विंगेत जाईपर्यंत सलग दिसतो. दम लागलेला दिसतो. कपाळावरचा घामसुद्धा.

आता आप्पांच्या प्रश्नाकडे. हा भाग मी त्यांच्यासाठीच खणून काढला.

तबकडी सोळा इंची, म्हणजे आपल्या भाकरीच्या परातीएवढी. ग्रामोफोनची तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घ्यायची आणि तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. इथं हजार फुटी रीळ मिनिटाला नव्वद फुटांनी अकरा मिनिटं चालणार, तर आवाजही तेवढा पुरायला हवा. म्हणून वेग सव्वातेहेतीस-साडेतेहेतीसच्या मध्ये, ३३⅓ वर आणला. पुढं लाँग प्ले रेकॉर्डला आला तो हाच वेग. आणि पिन बाहेरून आत नाही, आतून बाहेर जायची! याचं कारण आप्पांनीच सांगितलं, मला वाचून नीट कळलं नव्हतं. "आतला घेर लहान, आवाज दाटीवाटीनं बसलेला. तिथं पिन नवी पाहिजे. बाहेर मोकळी जागा, तिथं झिजलेली चालते." पिन प्रत्येक तबकडीला नवी. तबकडी किती वेळा वाजली त्याच्या खुणा करायला लेबलावर चौकोन छापलेले, ते भरले की तबकडी बाद.

खेळ सुरू करताना ऑपरेटरनं फिल्मवरची 'स्टार्ट' लिहिलेली चौकट प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या खिडकीत, बरोबर बसवायची आणि तबकडीवर कोरलेल्या बाणाच्या टोकाला पिन टेकवायची. दोन्ही जुळलं तर बाई तोंड उघडेल तेव्हा बाईचाच आवाज येईल. पिननं उडी मारली किंवा भलतीच तबकडी लागली, तर पुढची दहा मिनिटं लोक जे काही ओरडतील ते ऐकून घ्यायचं.

आणि रीळ तुटलं तर? आप्पांच्या काळात आवाज फिल्मच्या कडेलाच छापलेला असायचा. फिल्म तुटली की दोन टोकं खरवडायची, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून जोड द्यायचा. चार चौकटी गेल्या तर चार चौकटींचं चित्रही गेलं आणि तेवढा आवाजही गेला. हिशेब बरोबर. पण व्हिटाफोनमध्ये चित्र तुटलं तरी तबकडीतला आवाज तसाच पूर्ण राहणार. सेकंदाला चोवीस चौकटी. बारा चौकटी गेल्या की तिथून पुढं शेवटपर्यंत ओठ अर्धा सेकंद पुढं आणि शब्द मागं. म्हणून जेवढ्या चौकटी गेल्या, मोजून तेवढीच काळी फिल्म मध्ये जोडायची. क्षणभर पडदा काळा, आवाज चालू, मग चित्र परत.

हे ऐकून आप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मोजायला लागत होतं. आम्ही काय, अंदाजानं उडवायचो." आणि त्यांना ती जुनी गोष्ट आठवली, जी मी शंभर वेळा ऐकली आहे: एका पौराणिक सिनेमाला पोराच्या हातून पाचव्याच्या आधी सातवं रीळ लागलं, आणि मेलेला राक्षस पुन्हा दरबारात येऊन बसला. पिटातल्यांनी त्याला टाळ्या दिल्या. मालकांनी आप्पांना मात्र दोन दिवसांचा पगार कापून दिला.

व्होडव्हिल म्हणजे काय हे आप्पांना समजावताना मी आधी सर्कस म्हटलं, मग ऑर्केस्ट्रा म्हटलं. शेवटी तमाशातल्या बतावणीवर आल्यावर त्यांना पटलं. एका खेळात आठ-नऊ जणांचे वेगवेगळे कार्यक्रम. गवई, कसरतवाले, शिकवलेली कुत्री, चेंडू झेलणारा, आणि दोघांची जुगलबंदी, एक शहाणा नि एक खुळा. प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं. तेवढाच खेळ घेऊन माणूस गावोगाव फिरायचा, वर्षानुवर्षं तोच. आज या गावात विनोदाला हशा आला नाही तर उद्या पुढच्या गावात अर्धा शब्द कमी करून बघायचा. असा घासून घासून गुळगुळीत झालेला माल. आणि तो एकदा फिल्मवर गेला की एकाच आठवड्यात शेकडो गावांनी पाहून टाकलेला. मग तो नट स्वतः त्या गावात पोचला तर लोक म्हणणार, हे तर बघितलंय! एका दुपारच्या मजुरीसाठी दहा वर्षांची शिदोरी देऊन टाकायची. तरीही त्यांनी दिली. न दिली असती तर आम्ही काय बघितलं असतं, हा विचार मला दर वेळी येतो आणि जरा चोरट्यासारखं वाटतं.

आमच्या घरातली सगळ्यात लाडकी फिल्म म्हणजे जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन यांची १९२९ ची 'लॅम्बचॉप्स'. हे दोघं ऐनवेळी फ्रेड ॲलन या नटाच्या जागी आले होते, असं बर्न्स पुढं सांगत असे. त्यांचा खेळ रस्त्यावरच्या भेटीचा, आणि सेट मात्र दिवाणखान्याचा. मग करायचं काय? दोघं आत येतात आणि काहीतरी हरवल्यासारखं शोधायला लागतात. इथं बघ, तिथं बघ, वस्तू उचलून बघ. शेवटी जॉर्जला कॅमेरा दिसतो आणि तो ग्रेसीला दाखवतो: हे काय, प्रेक्षक इथं आहेत!

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले. दुसऱ्यांदा अंगावर काटा आला. आयुष्यभर समोर माणसं बघून बोललेली ही जोडी. त्यांना एका बंद खोलीत उभं केलंय, जिथं हसायचीसुद्धा बंदी, कारण कुणी हसलं तर तबकडी बिघडेल. आणि त्यांनी काय केलं, तर त्या अडचणीचाच विनोद केला. शेवटी त्यांचं सामान संपतं, वेळ थोडा उरतो, तर तेही उघड बोलून दाखवतात.

आप्पांचं लक्ष भलतीकडेच होतं. आमच्या टॉकीजला पडद्यापुढं खोल स्टेज होतं, वर्षातून दोन-चारदा संगीत नाटकं लागायची. तेव्हा पडदा गुंडाळून वर घ्यायचा आणि आप्पांनी केबिनच्या झरोक्यातून फुकट नाटक बघायचं. ते म्हणाले, "हा थांबतोय बघ. हशाला जागा सोडतोय." खरंच. ग्रेसी खुळ्यासारखं काहीतरी बोलते आणि जॉर्ज लगेच उत्तर देत नाही. तिच्याकडे बघतो, मग बोलतो. ती मधली जागा हजारो लोकांच्या हशाच्या मापाची आहे. स्टुडिओत ती रिकामीच गेली. आमच्या दिवाणखान्यात, सत्त्याण्णव वर्षांनी, तिच्यात आप्पांचा खोकला बसतो.

सगळेच अशी जागा सोडत नाहीत. १९२८ च्या 'द बो ब्रमेल्स'मध्ये शॉ आणि ली हे दोघं काळे सूट आणि टोप्या घालून खांद्याला खांदा लावून ओंडक्यासारखे उभे. चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. एका पट्टीत निरर्थक गाणी आणि पडेल विनोद, जणू रेशनच्या दुकानात यादी वाचतायत. मला पोट धरून हसू येतं. आप्पांना अजिबात आवडले नाहीत.

बेबी रोझ मेरी मात्र दोघांनाही. १९२९ साली ती पाच-सहा वर्षांची. फ्रॉक घातलेली, गुबगुबीत पोर, आणि आवाज असा घोगरा, ठसकेबाज की रेडिओवर ऐकणाऱ्यांना वाटे ही कुणीतरी थोराड बाईच आहे. हाताची फेक, मानेला झटका, गाण्याच्या मध्ये डोळा बारीक करणं... हे तिला कुणी शिकवलं असेल ते असो, पण तिला त्यात मजा येतेय हे खोटं नाही. ही रोझ मेरी २०१७ च्या डिसेंबरात वारली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. म्हणजे मी तिला पडद्यावर शोधत होते त्याच्या काही वर्षं आधीपर्यंत ती होती.

अल जॉल्सनची 'अ प्लँटेशन ॲक्ट' आम्ही एकदाच पाहिली. १९२६ च्या ऑक्टोबरातली. गोऱ्या माणसानं तोंडाला काळं फासून काळ्या मजुराची नक्कल करायची, ही तिथली तेव्हाची रीत. गातो जबरदस्त, शेवटी पुन्हा पुन्हा येऊन नमस्कारही करतो, जणू थिएटर दणाणलंय. पण ते काळं तोंड बघवत नाही. त्याच सुमारास खऱ्या काळ्या कलावंतांना दौऱ्यांसाठी बहुतेक वेळा वेगळी थिएटरं, वेगळी मंडळं, कमी पैसा. आणि बेसी स्मिथ, जिच्या आवाजापुढं जॉल्सन पोरकट वाटतो, तिची चालती-बोलती छबी फक्त एका फिल्ममध्ये उरली आहे. १९२९ ची 'सेंट लुईस ब्लूज', सोळा मिनिटांची. दारूच्या बारला टेकून ती गायला लागते आणि आप्पा म्हणाले, "आवाज जरा मोठा कर." एरवी ते मला कमी कर म्हणतात. (ही फिल्म व्हिटाफोनची नव्हे. हिचा आवाज फिल्मच्या कडेला होता, हे ऐकून आप्पांना समाधान वाटलं.)

सोळा मिनिटं का होईना, आहेत. आमच्या भाऊराव कोल्हटकरांचं काय? ते गेले १९०१ मध्ये. ग्रामोफोन कंपनीचा गायसबर्ग यंत्र घेऊन कलकत्त्याला उतरला तो १९०२ च्या शेवटी. दीड-पावणेदोन वर्षांनी हुकलं. शाकुंतल, सौभद्र गाजवणारा तो गळा कसा होता, ते नुसतं वाचायचं. केशवराव भोसले १९२१ ला गेले. त्यांच्या तबकड्या आहेत, पण गाताना मान कशी वेळावत, ते नाही. बालगंधर्व सिनेमात आले ते १९३५ च्या 'धर्मात्मा'त, संत एकनाथ म्हणून, सत्तेचाळिशीत. त्यांची ऐन भरातली भामिनी कुणी एका कॅमेऱ्यासमोर सलग आठ मिनिटं उभी केली असती तर... पण असल्या 'तर'ला मोल नाही. दीनानाथांनी इथं सांगलीतच बलवंत पिक्चर्स काढून १९३४ मध्ये 'कृष्णार्जुनयुद्ध' केला, त्याच्या जागेवरून मी रोज बँकेत जात असेन कदाचित.

व्हिटाफोनचंही पुष्कळ गेलंच. १९३० च्या आसपास तबकडीची पद्धत मागं पडली, आवाज फिल्मवर आला. मग फिल्म एका गोदामात, तबकडी दुसऱ्याच कुणाच्या माळ्यावर. मुकी चित्रं आणि आंधळे आवाज. १९९१ मध्ये रॉन हचिन्सन आणि त्यांच्यासारख्या काही तबकड्या जमवणाऱ्या हौशी लोकांनी मिळून 'व्हिटाफोन प्रोजेक्ट' सुरू केला: कुणाकडे कुठली तबकडी आहे ते शोधायचं आणि अभिलेखागारातल्या फिल्मशी तिची गाठ घालायची. जॉल्सनच्या त्या फिल्मची तबकडी तर तुकडे होऊन पुन्हा चिकटवलेली सापडली होती. हचिन्सन २०१९ ला गेले. यांच्यामुळेच आमच्या दुपारी.

परवा अशीच एक गाण्याची फिल्म लावली होती. दोन बहिणी, पियानो, मागं रंगवलेला बगिचा. आप्पांचा डोळा लागला असं मी समजत होते. मध्येच पडदा काळा झाला. मला वाटलं वाय-फाय गेलं, पण गाणं चालूच होतं. मग चित्र परत आलं, बहिणींचे ओठ शब्दांवर बरोबर.

"मागं घे," आप्पा म्हणाले.

घेतलं. पुन्हा काळं, पुन्हा उजेड. ते खुर्चीत पुढं सरकले, ऑपरेशन न झालेला डोळा हातानं झाकला.

"अजून एकदा."

तिसऱ्या वेळी त्यांनी गुडघ्यावर बोटानं ताल धरला आणि मान हलवली.

"फूटभर गेलंय," म्हणाले. "पण गड्यानं मोजून लावलंय."